टाकीचं झाकण

पिकअप बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडली, गल्लीत जेमतेम चार घरं पुढे गेली आणि दोन आचके देऊन बंद पडली.

कमलेशने सेल्फ मारला. इंजिन घरघरलं, पण पकडेना. परत मारला, परत तेच. मग त्याने किल्ली सोडली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसून राहिला.

"काय झालं रे?" भावनाने विचारलं.

"येताना कल्याणला पत्रीपुलावर पण असंच केलेलं हिने. थोडा वेळ थांबलो, डिझेलच्या पाइपातली एअर काढली, मग चालू झाली. मला वाटलं फिल्टरमध्ये कचरा असेल." तो दार ढकलून खाली उतरला. "तू बस, ताई. बघतो मी."

भावनाने मागे वळून बघितलं नाही. मागे तिचं माहेरचं लोखंडी कपाट दोरीने बांधलेलं होतं, शिलाई मशीन होतं, कपड्यांच्या दोन बॅगा होत्या. आणि त्याच्याही मागे फाटकाच्या खांबावर कॅमेरा होता. तो गल्लीच्या तोंडापर्यंत सगळं दाखवतो हे तिला पाठ होतं. कितीतरी वेळा ती दुकानापर्यंत गेली होती आणि परत यायच्या आत फोन वाजला होता. "आईस्क्रीम घेतलंस का? थंडीत?"

हा फोन हर्षितचा असायचा. हर्षित तिचा नवरा. शहाडच्या पुलापलीकडे, उल्हास नदीच्या अंगाला त्यांची वाडवडिलांची शेती होती. ती बिल्डरला गेली आणि त्या पैशांत हा बंगला आला. हर्षितचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस ठाण्यात, खोपटला एसटी डेपोच्या समोर. दिवसभर तो तिथे बसायचा आणि घर त्याच्या मोबाइलमध्ये असायचं. पहिला कॅमेरा फाटकावर लागला तो चोरांसाठी. मग हॉलमध्ये लागला, मग गच्चीवर. शेवटी स्वयंपाकघरात लागला, गॅस चालू राहतो म्हणून. तिची सासू सखुबाई डायबेटिसची पेशंट. एकदा तिने डब्यातून गुळाचा खडा तोंडात टाकला, तर भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून हर्षितचा आवाज आला, "आई, ठेव तो." सखुबाईने तोंडातला खडा हातावर काढला. त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायला लागली.

भावना लग्नाआधी डोंबिवलीत एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. लग्नानंतर नोकरी सुटली, मग मैत्रिणी सुटल्या, मग बाजार सुटला. कोणी तिला सोड असं म्हणालं नाही. फक्त प्रत्येक वेळी एवढे प्रश्न यायचे, की उत्तरं देऊन देऊन तीच थकली. माहेरी, दिव्याजवळ आगासनला, तिने एकदा वडिलांसमोर विषय काढला होता. गणू पाटील जुने शेतकरी. जमिनीचा मोबदला आला तेव्हा त्यांनी ही पिकअप घेतली. पुढे बाकीचं सगळं वाटून संपलं, पण ही गाडी त्यांनी कधी विकू दिली नाही.

"मारतंय तुना?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही."

"पितंय?"

"नाही, बाबा."

"भायेर कुठं काय हाय त्याचं?"

"नाही."

"मंग? क्यामेरा चोरासाठी आसतंय, बाय. तू चोर हायस का?"

उत्तर आहे हे तिला कळत होतं, पण त्यांच्या तीन प्रश्नांत ते बसत नव्हतं.

कमलेशला मात्र काहीतरी समजलं. तो तिचा धाकटा भाऊ, बाबांच्याच घरात राहणारा, बाबांच्याच गाडीवर मंडपाचं सामान वाहणारा. उत्तरा मॅडम, म्हणजे तिच्या जुन्या नर्सिंग होमच्या मेट्रन, यांनी डोंबिवलीत वरच्या मजल्यावरची आपली खोली द्यायचं कबूल केलं. नोकरीवर ये म्हणाल्या. तेव्हा भावनाने फोन केला तो कमलेशलाच. तो आज सकाळी बाबांना मंडपाचं काम आहे सांगून निघाला होता. वाटेत कुठे थांबायला नको म्हणून पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली होती.

आणि आता तो बॉनेट उघडून वाकला होता आणि भावनाचा फोन वाजत होता.

तिने उचलला. न उचलून काही उपयोग नव्हता.

"गाडी बंद पडली ना?" हर्षितचा आवाज शांत होता. तो नेहमीच शांत असायचा. "बघतोय मी. जुनी गाडी आहे, होतं असं. ऊन आहे, घरात जाऊन बस. कमलेशला पण घे आत. पाणीबिणी दे."

"मी आत जाणार नाही."

"बरं. मग गाडीत बस. मी निघालोय खोपटवरून. आलो की बोलू. कपाट का काढलंस पण? त्याचा पाय आधीच हलत होता, तुटेल ना."

त्याने फोन ठेवला. पळून जाणाऱ्या बायकोशी माणूस भांडतो, ओरडतो. हा कपाटाच्या पायाबद्दल बोलला. जणू ती परत येणार हे ठरलेलंच होतं, फक्त कपाटाचं नुकसान व्हायला नको.

ती खाली उतरली. "कमलेश, ते निघालेत तिकडून."

कमलेशने वर बघितलं. "ट्रॅफिक असेल ना बायपासला?"

"असेल. पण येतील."

त्याने सीटखालून नवा डिझेल फिल्टर काढला. पत्रीपुलावरून पुढे आल्यावर विकत घेतला होता. जुना फिल्टर पान्याने सोडवला, उलटा करून गल्लीच्या कडेला ओतला. डिझेल स्वच्छ होतं. पाणी नव्हतं, कचरा नव्हता. तरीही त्याने नवा बसवला, वरचा एअर काढायचा स्क्रू सैल केला आणि फिल्टरवरचा छोटा हातपंप अंगठ्याने दाबायला लागला. असं दाबत राहिलं की आधी फेस येतो, मग नुसतं डिझेल यायला लागतं, मग स्क्रू बंद करायचा. हे काम त्याने किती वेळा केलं होतं. पण आज फेसही येईना. अंगठ्याखाली पंप मऊ पडला होता. स्क्रूपाशी डिझेल बाहेर यायच्या ऐवजी आत ओढल्यासारखं होत होतं.

"टाकीतून येतच नाहीये," तो म्हणाला. "पाइपच चोक झालाय बहुतेक."

तो गाडीखाली सरपटला, टाकीकडून येणारा रबरी पाइप फिल्टरपाशी सोडवला आणि तोंडात धरून जोरात फुंकला. टाकीत बुडबुडे आल्याचा आवाज झाला. तो डिझेल थुंकत बाहेर आला. पाइप परत लावला, पंप मारला. या वेळी थोडा फेस आला. सेल्फ मारला. इंजिन पकडलं.

भावना धावत जाऊन केबिनमध्ये बसली. गाडी दोन हात पुढे गेली आणि परत तेच दोन आचके.

समोरून बाइक आली. पोपट होता, हर्षितचा चुलत भाऊ. त्याने बाइक पिकअपच्या बंपरला जवळजवळ लावून आडवी उभी केली, स्टँड मारला आणि तिच्यावरच बसला. "काय वहिनी, कुठं शिफ्टिंग?"

गल्ली अरुंद. एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. मागे बंगल्याचं फाटक. आता पुढे बाइक.

"बाजूला घे रे गाडी," कमलेश म्हणाला.

"कशाला? तुझी तर बंद आहे." पोपट हसला. "दादा येतोय. तो आला की घेतो."

कमलेशच्या डोक्यात काहीतरी सटकलं. तो हातातला पाना घेऊन त्याच्यासमोर गेला. "सामान भरताना तू मागे फिरत होतास. टाकीत काय टाकलंस?"

"काय बोलतो? मी आत्ता येतोय."

"सकाळपासून चांगली चाललेली गाडी..."

"सकाळपासून चांगली? पत्रीपुलावर बंद पडून उभी होती ना? बाइकवरून जाताना बघितली मी."

हे खरं होतं. पण कमलेशने पाना खाली घेतला नाही. भावना दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पाना कॅमेऱ्यात दिसतोय, एवढंच तिला दिसत होतं. भावाने मारलं तर तिचं जाणं संपलंच. पोलीस, पंचमंडळी, आणि मग समजूत काढून परत आत.

"टाकी उघडून बघ," ती कमलेशला म्हणाली. "भांडू नको. बघ फक्त."

टाकी बाजूला, हौद्याच्या खाली होती. कमलेशने झाकण फिरवलं. 'फुस्स' असा लांबलचक आवाज आला. त्याने लक्ष दिलं नाही. मोबाइलच्या टॉर्चने आत बघितलं, बोट बुडवून वास घेतला. डिझेल. बाकी काही नाही. झाकण घट्ट लावून त्याने परत पंप मारला. या वेळी पंप कडक लागला, डिझेल उसळून बाहेर आलं. सेल्फ मारला तशी गाडी एका दमात सुरू झाली.

"झाली!" तो ओरडला. "पोपट, काढ बाइक!"

पोपट जागचा हलला नाही. त्याने मोबाइल कानाला लावला. "हां दादा... हां, चालू झाली... नाही, मी आहे ना समोर." कमलेश हॉर्न वाजवत राहिला. आजूबाजूच्या खिडक्यांतून बायका बघायला लागल्या. एक म्हातारे गृहस्थ लुंगी सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "घरातली गोष्ट आहे, घरात बसून बोला ना." भावनाने त्यांना हात जोडले. कमलेश खाली उतरून बाइकचं हँडल ओढायला लागला, पोपटने त्याचा हात धरला. पिकअप तशीच उभ्याउभ्या चालू होती, धूर गल्लीत भरत होता.

आणि मग हळूहळू इंजिनाचा सूर खाली गेला. थरथर झाली. गाडी बंद पडली.

कमलेश परत आला आणि फूटबोर्डवर बसला. त्याच्या हनुवटीवरून डिझेल आणि घाम दोन्ही ओघळत होते.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "आज राहू दे का? मी पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी घेऊन येतो. टेम्पो. चांगला."

"पुढच्या आठवड्यात फाटकाला कुलूप असेल."

"मग रिक्षा करू? सामान राहू दे."

"रिक्षा पुलापाशी मिळेल. तिथपर्यंत चालत गेले तर पोपट मागून येईल. आणि ते समोरून येतायत." तिने ओठ चावला. "मला भर रस्त्यात गाडीत बसवतील आणि कोणी काही म्हणणार नाही. नवरा बायकोला घरी नेतोय म्हणतील."

ती टाकीपाशी भिंतीला टेकून उभी राहिली. उन्हात पत्रा तापला होता. एकदा चालतं, मग थांबतं. थोडा वेळ ठेवलं की परत चालतं. उघडलं की चालतं. हे तिने कुठेतरी बघितलं होतं. गाडीत नाही.

नर्सिंग होममध्ये, नवीन असताना. सलाइन लावली होती, थेंब नीट पडत होते, आणि मग हळूहळू कमी होत बंद झाले होते. तिने सुई तपासली, नस तपासली, नळी चोळली. सगळं बरोबर होतं. उत्तरा मॅडम आल्या, त्यांनी वरून बाटलीत एक मोकळी सुई खुपसली. थेंब सुरू झाले. "हवा आत जायला जागा नको का?" त्या म्हणाल्या होत्या.

"कमलेश. ते झाकण परत उघड."

"बघितलं ना आत. काही नाहीये."

"उघड तू."

त्याने उघडलं. पुन्हा तो लांबलचक 'फुस्स'. या वेळी त्यालाही ऐकू आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आत हवा ओढतंय," भावना म्हणाली. "डिझेल निघून जातंय, पण त्याच्या जागी हवा आत यायला वाटच नाही. टाकी गळ्यापर्यंत भरलीस ना? म्हणून लगेच होतंय. या झाकणाला कुठे भोक असतं का?"

"असतं. मधोमध." कमलेशने झाकण उलटंसुलटं केलं, अंगठ्याने तेलकट मळ पुसला. मध्यभागी राखाडी रंगाचा एक कडक थर होता. एमसील. पावसाळ्यात गळके नळ आणि पत्र्याची भोकं बुजवायला वापरतात तीच. व्यवस्थित, बोटाने दाबून, कडा गुळगुळीत करून लावलेली.

"हे कोणी केलं?" तो पोपटकडे बघत म्हणाला.

भावनाला त्या गुळगुळीत कडा ओळखीच्या वाटल्या. लहानपणी घराच्या भिंतीच्या भेगा त्याच बोटाने बुजलेल्या तिने पाहिल्या होत्या. "बाबांना फोन कर," ती म्हणाली.

कमलेशने स्पीकर लावला. "बाबा, पिकअपच्या टाकीच्या झाकणाला एमसील कोणी लावली?"

"मीच लावली. पावसान डिजलमदी पानी जात व्हतं. काय झालं?"

"त्याला हवेसाठी भोक असतं, बाबा."

"त्याच भोकातून पानी जात व्हतं. बुजवलं. यवरे दिवस चालली ना गारी?"

चालली होती, कारण बाबा कधी थोडं डिझेल टाकण्यापलीकडे जात नसत आणि गाडी गावाबाहेर फारशी जात नसे. कमलेश हे बोलणार, तेवढ्यात बाबांचा आवाज बदलला. "पन तू कोठं हायस? हर्षितचा फोन आलेला. गारी त्याचे दारान उबी हाय म्हनतंय. बाय बसलीय त्याच्यान?"

कमलेशने अंगठा झाकणावरच्या एमसीलवर दाबला.

"उतरव तिना," बाबा म्हणाले. "मी येतंय उद्या, बसून बोलू समद्यांशी. असं सामान घेऊन भायेर निंगतात का? उतरव. गारी माजी हाय."

भावना फोनकडे बघत होती. कमलेशने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा झाकणाकडे. "गाडी बंद आहे, बाबा," तो म्हणाला आणि फोन कट केला.

मग तो फूटबोर्डवर झाकण ठेवून स्क्रू ड्रायव्हर आणि पान्याने ठोकायला लागला. एमसील दगडासारखी झाली होती. टवके उडत होते, भोक काही दिसेना. हत्यारांच्या पेटीत त्याला एक बारीक खिळा मिळाला. तो मधोमध धरून त्याने दोन घाव घातले. खिळा आरपार गेला. त्याने झाकण तोंडाशी धरून फुंकून बघितलं. हवा पलीकडे गेली.

"झालं," तो पुटपुटला. झाकण टाकीवर बसवलं, पुढे जाऊन एअर काढली, स्क्रू बंद केला, बॉनेट आपटलं. तो केबिनकडे वळला आणि थांबला.

"ताई, किल्ली?"

किल्ली गाडीला नव्हती.

सखुबाई ड्रायव्हरच्या दारापाशी उभी होती. ती फाटकातून कधी आली आणि किल्ली कधी काढली, दोघांना कळलं नव्हतं. नऊवारीचा पदर कंबरेला खोचलेला, एका हातात मोबाइल, दुसरी मूठ बंद.

"हर्षितचा फोन आलेला," ती मोठ्याने म्हणाली. "किल्ली देव नको सांगलंय त्यानं."

पोपट बाइकवरून हसला. कमलेश पुढे सरकला, तसं भावनाने त्याला हाताने थांबवलं. "तू पुढे उभा राहा. मी बोलते." तो नाइलाजाने बंपरपाशी गेला.

भावना सासूजवळ आली. "आई, द्या ना किल्ली."

सखुबाईने मान हलवली. मोठ्याने म्हणाली, "नाय देनार." मग मान खाली घालून, ओठ न हलवल्यासारखं, अगदी हळू म्हणाली, "खेच."

"काय?"

"माज्या हातातून खेच. जोरान. तो बगतंय."

सखुबाई तिच्याकडे बघत नव्हती. गल्लीच्या डांबराकडे बघत होती, स्वयंपाकघरात जशी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची तशीच.

"आई, तुम्ही पण चला," ती म्हणून गेली.

"कोठं जाव? माजी हाडं हितंच परायची." म्हातारीची मूठ सैल झाली, पण उघडली नाही. "मी दिली तर मना या घरान ऱ्हायचं हाय. खेच म्हनतंय ना. लवकर."

भावनाने दोन्ही हातांनी ती मूठ धरली. हाताची कातडी सैल होती, उन्हाने गरम झालेली. तिने ओढलं. पुरेसं नव्हतं. सखुबाई दातांमधून म्हणाली, "जोरान!" भावनाने डोळे मिटून हिसका मारला. किल्ली तिच्या हातात आली, आणि सखुबाई "आयो गं!" करत रस्त्यावर बसली, मग आडवीच झाली. "पोपट! पोपट रं! माजी कंबर गेली! मारलं मना!"

पोपट बाइक सोडून धावला. "काकी! काकी!"

कमलेशने आणखी काही बघितलं नाही. त्याने बाइक भिंतीकडे ढकलली, ती कलंडली. भावना त्याच्याआधी केबिनमध्ये होती. त्याने किल्ली घातली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. आरशात तिला डांबरावर पडलेली हिरवी साडी दिसली आणि तिच्यावर वाकलेला पोपट.

शहाडच्या पुलावर नेहमीप्रमाणे वाहनं अडकली होती. पिकअप चढावर एक-एक हात पुढे सरकत होती. कमलेश प्रत्येक वेळी क्लच सोडताना श्वास रोखत होता. भावनाचं लक्ष समोरून येणाऱ्या रांगेकडे होतं. ती रांगही तशीच खिळलेली होती. पुलाच्या मध्यावर तिला हर्षितची पांढरी गाडी दिसली. मध्ये एक ट्रक आणि दोन रिक्षा होत्या. त्याचं लक्ष मोबाइलवर होतं.

ती खाली सरकली नाही. गाड्या समोरासमोर आल्या. हर्षितने मान वर केली आणि ती त्याला दिसली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो गोंधळलेला होता, मोबाइलमध्ये बघितलेलं माणूस अचानक काचेबाहेर आल्यासारखा. त्याने दार उघडायचा प्रयत्न केला. दाराला लागून रिक्षा होती, दार बोटभरच उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले. भावनाचा फोन वाजायला लागला.

"चल, चल," ती कमलेशला म्हणत राहिली, जणू त्याच्या हातात काही होतं. पुढचा ट्रक हलला. पिकअप त्याच्या मागे पूल उतरली. फोन वाजून वाजून थांबला.

डोंबिवलीत उत्तरा मॅडम खाली उभ्याच होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त भावनाच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाल्या, "आधी हात धू, मग बोलू." मशीन आणि बॅगा वर गेल्या. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, कितीही तिरकं केलं तरी वळेना. शेवटी कमलेशने ते परत गाडीत चढवलं.

"हे बाबांकडेच नेतो," तो म्हणाला. स्टिअरिंगवर बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही. समोर बघत म्हणाला, "तू सुटलीस. मला आता घरी जायचंय."

"जेवून जा."

"नको." तो थोडा हसला. "जेवलो तर जाणारच नाही."

बाबा दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाही. त्यांच्या आधी व्हिडिओ आला. फाटकावरच्या कॅमेऱ्यातला, आवाज नसलेला. म्हातारी सासू, तिची मूठ, दोन्ही हातांनी हिसका मारणारी सून, आणि रस्त्यावर कोसळणारी म्हातारी. शहाडपासून आगासनपर्यंत नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर तो फिरला. सखुबाईने सर्वांना तेच सांगितलं. सुनेनं ढकललं. कंबरेला पट्टा बांधून ती लग्नकार्यात बसायची, असं कोणीतरी भावनाला कळवलं.

हर्षित एकदा येऊन गेला. उत्तरा मॅडमच्या सोसायटीच्या ऑफिसात, दोन माणसांसमोर तो अर्धा तास बोलला, तितक्याच शांतपणे. आईवर हात उचलला तरी मी परत न्यायला तयार आहे, असं म्हणाला. बसलेल्या दोघांनी भावनाकडे बघितलं. ती "मी येणार नाही" एवढंच म्हणाली. ते ऐकून त्यांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट होतं.

महिना उलटल्यावर एका रविवारी बाबा आले. कमलेशने आणून सोडलं आणि तो खालीच थांबला. भावना नुकतीच ड्यूटीवरून आली होती. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, खोली बघितली. मग खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. तिने बघितला नाही.

"मी माज्या हातानी चार पोरी वारवल्या," ते म्हणाले. "कुनाचं आंगावर हात टाकायला नाय शिकवलं. सखुबाय माज्याहून मोटी. मिठागरान कामं केलेली बाई. मना फक्त यवरं सांग. तू ढकललंस तिना?"

भावनाने त्यांच्याकडे बघितलं. ते म्हातारे झाले होते, त्यांचे डोळे ओले होते आणि त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. एक शब्द पुरला असता. तो शब्द आज ना उद्या आगासनहून शहाडला पोचला असता, खोपटच्या ऑफिसात पोचला असता, आणि मग त्या घरात म्हातारीला कोणी काय विचारलं असतं, ते तिला माहीत होतं. तिने कमलेशलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"म्हातारीना?"

"हो, बाबा. ढकललं."

बाबांनी मोबाइल खिशात ठेवला. मग भिंतीचा आधार घेत उठले आणि जिना उतरायला लागले. भावना दारात उभी राहून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होती. जिना वळला तिथे ते क्षणभर थांबले. तिला वाटलं परत येतील. ते खाली गेले. थोड्या वेळाने पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.